पडवीतली गणितं

चिंचवडात यशवंतरावांना कुणी शास्त्रज्ञ म्हणत नसे. 'गारवाले मास्तर' म्हणत. विहीर खणताना काळ्या पाषाणाच्या पोटात कधी पोकळी लागते आणि तिच्या भिंतींना पांढरे, हिरवट, लखलखीत स्फटिक लगडलेले असतात. शेतकऱ्याला त्यांचा उपयोग शून्य. तो त्यांना गार म्हणतो आणि बांधावर फेकून देतो. पुण्याच्या कॉलेजात शिकवणाऱ्या भल्या माणसानं आठवडाभर सायकल मारत दापोडी-खडकी ओलांडावी, आणि रविवारी पाय ताणून पडायचं सोडून त्याच सायकलीला पोतं बांधून चाकणच्या बांधांवरून गारा वेचत हिंडावं, हे गावाच्या अकलेत बसणारं नव्हतं. पण माणूस कुणाच्या अध्यात ना मध्यात, शिवाय चतुर्थीला मोरयाच्या देवळात नेमानं दिसायचा. म्हणून गावानं त्यांना वेडा न म्हणता नुसतं मास्तर म्हटलं.

यशवंतराव मूळचे वाईकडचे. कॉलेजात मुलांची प्रात्यक्षिकं घेणारे डेमॉन्स्ट्रेटर म्हणून लागले आणि बरोबरीचे लोक प्रोफेसर होऊन गेले तरी तिथेच राहिले. साहेबाची खुशामत जमली नाही आणि जमत नाही याचं वाईटही वाटलं नाही. त्यांचा जीव वेगळ्याच गोष्टीत अडकला होता. गार मोडली तरी तोच आकार, तेच कोन का राहतात? कारण तिच्या आत अणूंची काहीतरी मांडणी आहे, कवायतीला उभ्या राहिलेल्या पोरांसारखी. ती मांडणी डोळ्यांना दिसत नाही, पण क्ष-किरणांनी काढता येते, हे त्यांनी पुस्तकांतून स्वतःच शिकून घेतलं होतं. पुण्यातल्या एका संस्थेत तसं यंत्र आलं तेव्हा यशवंतरावांनी खेटे घालून आठवड्यातल्या दोन संध्याकाळी मागून घेतल्या.

गार मिळाली त्रेपन्नच्या उन्हाळ्यात. चाकणच्या अलीकडे धर्माजी नावाचा शेतकरी विहीर खणत होता. मास्तर काठावर उभे दिसताच तो खालून ओरडला, "पानी न्हाई लागलं मास्तर, ह्याच लागल्यात! न्या पोतंभर. माझ्या कपाळी गाराच हायती म्हना." त्या पोत्यात एक खनिज असं निघालं, की ज्याची आतली मांडणी तोवर जगात कुणी काढलेली नव्हती. यशवंतरावांनी तीनतीनदा पुस्तकं तपासली. त्या दिवसापासून एकच गोष्ट मनात धरली. ही मांडणी आपण काढायची, आणि आपल्याआधी दुसऱ्या कुणी काढता कामा नये.

घरात माणसं तीन. यशवंतराव, त्यांची आई दुर्गाबाई आणि पत्नी कुसुमताई. लग्नाला पंधरा वर्षं होऊन गेली तरी पाळणा हलला नव्हता. कुसुमताई शाळामास्तरांची लेक. तीसपर्यंतचे पाढे तर सोडाच, पावकी, निमकी, पाऊणकी, औटकीसुद्धा त्यांच्या जिभेवर. मॅट्रिकला गणितात पहिल्या आल्या होत्या. कॉलेजात जायचं म्हणून दोन महिने हट्ट धरला, तेवढ्यात यशवंतरावांचं स्थळ आलं आणि हट्ट माळ्यावर गेला. चाकणच्या त्या गारेचं त्यांनी 'चाकणकर' असं नाव ठेवलं होतं. संध्याकाळी सायकल भिंतीला लागली की चहा पुढे ठेवत विचारत, "मग, आज चाकणकर काय म्हणाले?"

चाकणकर काही म्हणत नव्हते. मोहरीएवढ्या कणावर क्ष-किरण सोडले की मागच्या फिल्मवर ठिपके उमटत. प्रत्येक ठिपका किती गडद ते डोळ्यांनी ताडून आकडा लिहायचा. असे आकडे हजाराच्या वर. मग त्यांच्या बेरजा-वजाबाक्या करत करत गारेच्या आतल्या एकेका पातळ कापाचा नकाशा काढायचा. अशा एका कापाला यशवंतराव छेद म्हणत. नकाशात जिथे आकडा फुगतो तिथे अणू बसलेला. असे वीस छेद हवे होते. आजच्यासारखी यंत्रं नव्हती. कागद, पेन्सिल आणि माणसाचं डोकं. आपल्या एकट्याच्या वेगानं याला अकरा वर्षं लागतील असा हिशेब यशवंतरावांनी मांडला आणि त्या संध्याकाळी ते जेवलेच नाहीत.

"मला द्या की थोडे," कुसुमताई म्हणाल्या.

"तुला वेळ कुठाय?"

खरंच नव्हता. पहाटे पाणी, मग चूल, दळण, धुणी, आला-गेला. पण महिन्याचे चार दिवस होते. बाईला कावळा शिवला की ती चार दिवस घरात कशाला हात लावत नाही, हा रिवाज दुर्गाबाईंच्या घरात कडक पाळला जायचा. कुसुमताई मागच्या पडवीत बसत. घोंगडी, तांब्या आणि वेगळं ताट. बाकीच्या बायका या दिवसांत वाती वळतात नाहीतर नुसत्या भिंतीकडे बघत बसतात. कुसुमताईंना ते चार दिवस म्हणजे चालून आलेली रजा वाटली.

दुर्गाबाईंचं मन वळवणं सोपं नव्हतं. "विटाळात सरस्वतीला शिवायचं?" त्यांनी कपाळाला आठ्या घातल्या.

"पोथी नाही सासूबाई. दगडाचे आकडे आहेत."

दुर्गाबाईंनी पुष्कळ विचार केला आणि निवाडा दिला, "पोथीला विटाळ. दगडाच्या गणिताला कसला आलाय विटाळ!" एवढा शहाणा निवाडा शंकराचार्यांच्या मठातूनही आला नसता. यशवंतराव कागद उंबऱ्यावर ठेवत, कुसुमताई उचलून घेत. झालेले कागद संध्याकाळी दगडाखाली दाबून ठेवत. बेरजांसाठी आकड्यांच्या पट्ट्या लागत, त्या त्यांनी जुन्या लग्नपत्रिकांच्या पाठीवर लिहून कापून घेतल्या. वहीच्या प्रत्येक पानावर वर तारीख, खाली दोनदा ताळा. यशवंतराव महिनाभरात जेवढं करत, तेवढं त्या चार दिवसांत करत आणि चूक म्हणून सापडत नसे.

चौपन्नच्या आषाढात पहिला छेद पुरा झाला. यशवंतरावांनी नकाशावर सारख्या आकड्यांना जोडून वळणदार रेघा काढल्या आणि मधोमध एक नीट, गोल डोंगर उठला. तो अणू. यशवंतराव कागद घेऊन पडवीच्या दाराशी गेले आणि शिवाशीव विसरून आत पाऊल टाकणार होते, तेवढ्यात कुसुमताई ओरडल्या, "अहो, थांबा! तिथूनच दाखवा." त्यांनी तिथूनच दाखवला. दोघं दोन्हीकडून त्या डोंगराकडे बघत राहिले. यशवंतरावांच्या मते त्यांच्या संसारातला तो सगळ्यात सुखाचा दिवस होता.

दर महिन्याला सून पडवीत बसली की दुर्गाबाई उसासा टाकत. या खेपेलाही नाहीच. आणि त्याच दिवशी यशवंतरावांना, खरं सांगायचं तर, आनंद होत असे. या आनंदाची त्यांना लाज वाटे. पण होई.

त्याच श्रावणात एक गंमत झाली. दुसरा छेद अगदी हातातोंडाशी आला होता आणि चार दिवस संपले. पाचव्या दिवशी सकाळी न्हायला उठायचं, तर कुसुमताई पडवीतूनच सासूला म्हणाल्या, "अजून नाही हो संपलं." दुर्गाबाई चुलीपाशी गेल्या. दुसऱ्या दिवशी छेद पुरा करूनच कुसुमताई घरात आल्या आणि यशवंतरावांच्या कानाशी पुटपुटल्या, "खोटं बोलले. मोरयापुढे नाक घासून येईन चतुर्थीला." दोघांनी हसू दाबलं. पाप म्हणावं तर एवढंच.

ते एकच खोटं होतं. पुन्हा तसं काही त्या बोलल्या नाहीत.

पंचावन्नच्या चैत्रात चाराचे सहा दिवस झाले. वैशाखात सहा, ज्येष्ठात आठ. पिंपरीला पेनिसिलिनचा कारखाना सुरू झाला होता, बाहेरगावची माणसं चिंचवडात खोल्या शोधत हिंडत होती, गाव बदलत होतं. यशवंतरावांना त्यातलं काहीच दिसलं नाही. पडवीतून कागद भराभर येत होते, तेवढं दिसलं. श्रावणातली लबाडी त्यांना आठवे आणि ते मनात म्हणत, बघा, कशी धीट झालीय! सासूच्या डोळ्यांत धूळ फेकून माझ्यासाठी दिवस चोरतेय. बायको पांढरी पडत चाललीय, उठताना खांब धरतेय, हेही त्यांनी पाहिलं. पण आकड्यांनी माणूस थकतोच, असं म्हणून सोडून दिलं. हुशार माणसाला एक खुळं कारण पुरतं.

कुसुमताई दिवस चोरत नव्हत्या. अंगावरून जात होतं आणि थांबत नव्हतं. अशा गोष्टी नवऱ्याशी बोलायच्या नसतात, म्हणून त्यांनी सासूला सांगितलं आणि वर म्हणाल्या, "यांच्या कानावर घाला एकदा." दुर्गाबाईंनी "घालते" म्हटलं. मग त्यांनी वैद्यांकडून पुड्या आणल्या, कोहळ्याचा पाक केला, देवीला नवस बोलल्या. मुलाला मात्र सांगितलं नाही. बायकांच्या गोष्टी, पुरुषाला काय सांगायच्या? त्यांच्या उभ्या जन्मात कुठल्या बाईनं त्या सांगितल्या नव्हत्या. आणि कुसुमताईंनी धरून चाललं, की सांगितलं गेलं आहे.

हे सगळं यशवंतरावांना पुढे कळलं. आश्विनातल्या एका दुपारी ते पडवीच्या दाराशी उभे होते तेव्हा यातलं काहीच त्यांना ठाऊक नव्हतं. तेरावा छेद चालू होता. कुसुमताईंचा अकरावा दिवस होता. बेरजेत एक चूक निघाली होती, पहिलीच.

"लक्ष कुठाय तुझं?" ते जरा चढ्या आवाजात म्हणाले.

"चुकलं खरं. पुन्हा करते."

मग आवाज खाली आणून, आपण दोघं एका कटात आहोत अशा थाटात ते म्हणाले, "या खेपेला आणखी दोन दिवस मिळाले ना, तर हा छेद हातावेगळा होईल."

कुसुमताईंनी वर पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मग म्हणाल्या, "मिळतील."

आणि त्यांनी पेन्सिल उचलली. यशवंतराव खुशीत चहा प्यायला गेले.

पौषात कुसुमताई नळाशी घागर उचलताना कोसळल्या. शेजारच्या सगुणाबाईंनी आणि दुर्गाबाईंनी त्यांना उचलून आत आणलं, टांगा केला, गाडीनं पुण्याच्या इस्पितळात नेलं. तिथल्या डॉक्टरीणबाई करड्या होत्या. तपासून बाहेर आल्या आणि यशवंतरावांना म्हणाल्या, "गर्भाशयाच्या तोंडाशी गाठ आहे, आणि ती पसरलीय. कधीपासून जातंय यांच्या अंगावरून?"

यशवंतरावांना प्रश्नच कळला नाही. दुर्गाबाई पदरात तोंड घालून म्हणाल्या, "असतील दोन-तीन महिने."

"मला नीट सांगा. मुंबईला रेडियम देतात, पण वेळेत गेलं तर. कधीपासून?"

"उद्या सांगतो," यशवंतराव म्हणाले.

दुसऱ्या दिवशी दुपारी ते घरी आले आणि वह्या काढून बसले. सात वह्या. पडवीत बसल्याखेरीज कुसुमताईंनी एक आकडा लिहिला नव्हता आणि तारखेवाचून एक पान सोडलं नव्हतं. त्यांनी पानं उलटत दिवस मोजले. चार. चार. पाच, तो श्रावणातला. चार. चार. चार. फाल्गुनापर्यंत सगळे चारच. मग चैत्रात सहा. सहा, आठ, आठ, नऊ. भाद्रपदात दहा. आश्विनात तेरा. त्या तेरांतले शेवटचे दोन दिवस पानांवर अक्षर उताराला लागलं होतं, ओळी उजवीकडे घसरल्या होत्या, पण ताळा दोनदा करून बरोबरची खूण केलेली होती. कार्तिकात पंधरा, मार्गशीर्षात सतरा. दहा महिन्यांचं दुखणं बायकोनं त्यांच्या हातात रोजच्या रोज, तारीखवार ठेवलं होतं, आणि ते त्यांनी अभिमानानं संस्थेतल्या लोकांना दाखवलं होतं. बघा, काम कसं वेगानं चाललंय!

दुर्गाबाई दारात उभ्या होत्या. मुलाचा चेहरा बघून त्यांचा धीर सुटला. "मी पुड्या आणत होते रे यशवंता. ती म्हणाली होती, यांच्या कानावर घाला. मी घालते म्हटलं आणि नाही घातलं. तुला कसं सांगू? काय शब्दांत सांगू?" त्या खाली बसल्या आणि जमिनीवर हात आपटू लागल्या. यशवंतरावांनी उठून त्यांचे हात धरले. बोलता आलं असतं तर ते म्हणाले असते, की तू नाही सांगितलंस, पण मला दिसत होतं. 

त्यांनी डॉक्टरीणबाईंना दहा महिने सांगितले. बाईंनी नकारार्थी मान हलवली. मुंबईला नेण्यात आता अर्थ नव्हता.

बायकांच्या वॉर्डात पुरुषांना चार ते पाच एवढाच वेळ आत सोडत. यशवंतराव चारला खाटेपाशी उभे राहिले. दुर्गाबाई पायथ्याशी बसलेल्या होत्या; त्या तिथून हलतच नसत.

"चौदावा छेद कुठवर आलाय?" कुसुमताईंनी विचारलं.

"राहू दे आता ते."

"राहू दे कसं? माझी पाच पानं राहिलीत त्यातली." त्या दमल्या, थांबल्या, मग हळू म्हणाल्या, "तुम्ही दोन दिवस मागितलेत ना दसऱ्याच्या सुमाराला, तेव्हा मला आधी वाईट वाटलं होतं. सांगू का? ठाऊक असून मागतायत, असं वाटलं. मग म्हटलं, ठाऊक असून मागतात म्हणजे यांचं फारच अडलं असणार. उगीच का मागतील? म्हणून पडून नाही राहिले."

तक्रार नव्हती त्यात. हिशेब जुळला की त्यांच्या आवाजात यायचं, तसं समाधान होतं.

यशवंतरावांच्या जिभेवर सगळं आलं. मला ठाऊक नव्हतं. कुणी सांगितलं नव्हतं. ठाऊक असतं तर त्या वह्या चुलीत घातल्या असत्या. एवढं म्हणायला किती वेळ लागतो? पण त्यांची नजर आईकडे गेली. दुर्गाबाईंनी लुगड्याचा काठ दोन्ही हातांत गच्च धरला होता आणि त्या जमिनीकडे बघत होत्या. मला सांगितलं नाही, असं म्हणायचं म्हणजे सत्तरीच्या त्या म्हातारीला सुनेसमोर उभं करायचं, मरणाऱ्या सुनेसमोर. आपण सुटायचं आणि आईला बुडवायचं. शिवाय कुसुमनं पुढे विचारलं असतं, मग इतके दिवस मी पडवीत कशासाठी बसते असं वाटलं तुम्हाला? त्याचं काय उत्तर होतं?

"आज बरं वाटतंय ना?" ते म्हणाले.

"वाटतंय की," कुसुमताई म्हणाल्या आणि त्यांनी नवऱ्याच्या हातावर थोपटलं. "मनाला लावून घेऊ नका. काम मोठं होतं."

पुढले नऊ दिवस यशवंतराव रोज चिंचवडहून सायकलीनं निघत. वाटेत वाक्य जुळवत. आज आईला काहीतरी कारण काढून बाहेर पाठवायचं आणि सांगायचं. दापोडीच्या पुलावर वाक्य तयार असे. वॉर्डाच्या दारात ते मोडे. एक तास खाटेशी बसून पाणी हवं का, उशी नीट आहे का, एवढं विचारून ते परत येत. चौदाव्या छेदाच्या कागदांना त्यांनी हात लावला नाही, आणि पुढेही कधी लावला नाही. निवृत्त होईपर्यंत वीस वर्षं ते मुलांना गारांचे कोन मोजायला शिकवत राहिले, उत्तम शिकवत राहिले. त्या खनिजाची मांडणी पुढे दूरदेशी कुणीतरी काढली, तेव्हा त्यांनी तो निबंध शेवटपर्यंत वाचला आणि आकडे बरोबर आहेत एवढंच म्हणाले.

दहाव्या दिवशी दुर्गाबाई आपण होऊन उठल्या. "मी जरा गरम पाणी घेऊन येते," त्या म्हणाल्या, आणि जाताना मुलाच्या खांद्यावर हात ठेवून गेल्या. म्हातारीला सगळं कळत होतं.

यशवंतरावांनी स्टूल पुढे ओढलं. कुसुमताईंचा हात हातात घेतला आणि सगळं सांगितलं. श्रावणातली लबाडी, त्यावरून बांधलेला तर्क, आश्विनातली दुपार, वह्यांतली मोजदाद. मला ठाऊक नव्हतं गं, ठाऊक नव्हतं, हे तर कितीदा म्हणाले असतील. कुसुमताईंचे डोळे अर्धे उघडे होते. दुखणं सोसवेना म्हणून सकाळी त्यांना सुई दिली होती. शेजारच्या खाटेवरची बाई शेवटी कळवळून म्हणाली, "भाऊ, त्यांना ऐकू जात न्हाई. सकाळधरनं अशाच हायेत."

दुर्गाबाई पाणी घेऊन आल्या. तांब्या हातातच होता. मग त्यांनी विचारलं, "बोललास?"

"बोललो."

"काय म्हणाली?"

यशवंतरावांनी आईकडे पाहिलं. "म्हणाली, सासूबाईंना सांगा, माझ्या मनात काही नाही."

दुर्गाबाई तिथेच भिंतीला टेकल्या आणि मोकळेपणानं रडल्या, कितीतरी दिवसांनी. यशवंतरावांनी त्यांच्या हातातला तांब्या घेऊन खाली ठेवला. कुसुमताई पुन्हा शुद्धीवर आल्या नाहीत. तिसऱ्या दिवशी सकाळी त्या गेल्या, आणि नवऱ्याला सगळं ठाऊक होतं, असंच धरून गेल्या.